खरा खटला आणि पडद्यावरचा खटला

प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावर चित्रपट काढण्याची रीत भारतात जुनी आहे. नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर १९६१ मध्ये लागला आणि १९६३ मध्ये त्यावर बेतलेला ‘ये रास्ते हैं प्यार के’ पडद्यावर आला. तेव्हापासून अशा चित्रपटांभोवती एक वाद कमीअधिक जोराने चालत आला आहे. चित्रपटाने खटल्याशी किती इमान राखावे, बदल करायचे तर कुठवर, आणि त्यात दिसणाऱ्या माणसांचा, त्यांच्या वारसांचा किंवा समाजाचा त्यावर काही हक्क पोहोचतो का, हे त्यातले मुख्य प्रश्न. गेल्या पंधरा वर्षांत असे चित्रपट वाढले, ओटीटीमुळे ते घरोघरी पोहोचले आणि वादही त्याच वेगाने कोर्टाच्या दारात जाऊ लागला.

नानावटी: एक खटला, तीन चित्रपट

या प्रश्नाची बहुतेक अंगे नानावटी खटल्यात एकत्र सापडतात, म्हणून तो जरा सविस्तर पाहणे भाग आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीकडून तिच्या प्रेमसंबंधाची कबुली मिळाली. त्यांनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो सिनेमात सोडले, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली आणि तिचा प्रियकर प्रेम आहुजा यांच्या फ्लॅटवर जाऊन त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या. मग ते स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीपुढे चालला. आठ विरुद्ध एक अशा मताने ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, आणि पुढे नानावटी कुटुंबासह कॅनडाला गेले.

निकालपत्र वाचताना लक्षात येते की सगळा खटला अगदी बारीक तपशिलांवर तोलला गेला होता. आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभे होते. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव. पण गोळ्या लागून कोसळल्यावरही टॉवेल अंगावर जागच्या जागी होता. दुसरा मुद्दा वेळेचा. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरून निघाले आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. ‘गंभीर आणि आकस्मिक चिथावणी’चा बचाव लागू व्हायचा तर रागाच्या भरात, भान सुटलेल्या अवस्थेत कृत्य घडलेले असावे लागते. जवळजवळ तीन तास मिळालेला माणूस सावरलेला असतो, असे न्यायालयाने धरले. म्हणजे टॉवेलची गाठ आणि घड्याळाचे काटे, यांवर निकाल उभा आहे. लोकांच्या मनात मात्र वेगळाच खटला चालू होता. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना खपत असे आणि रस्त्यावर ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाची खेळणी विकली जात, असे सांगतात.

चित्रपटांनी यातले काय घेतले? ‘ये रास्ते हैं प्यार के’ने सुरुवातीलाच सगळी पात्रे काल्पनिक असल्याचे जाहीर केले आणि शेवट बदलला. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ याच प्रकरणावर बेतलेले. गुलजार यांचा ‘अचानक’ (१९७३) या सगळ्यांहून वेगळा. त्यांनी कोर्ट जवळजवळ वगळले. आरोपी सैन्यातला मेजर, त्याला फाशीची शिक्षा झालेली. पळताना तो जखमी होतो, डॉक्टर त्याला जिवापाड मेहनत करून वाचवतात, आणि वाचवतात ते फाशी देता यावी म्हणून. मूळ खटल्याशी सर्वांत सैल नाते असलेला हा चित्रपट शिक्षेविषयी सर्वांत गंभीर प्रश्न विचारतो, ही गोष्ट इथल्या चर्चेत फारशी येत नाही. ‘रुस्तम’ (२०१६) उलट टोकाला. त्यात १९५९ ची मुंबई, नौदलाचा गणवेश, पारशी नायक, ज्युरी सगळे आहे. पण गोळीबारामागे संरक्षण खात्यातल्या भ्रष्टाचाराचे कारण जोडले आहे, आरोपी वकील न घेता स्वतःच युक्तिवाद करतो आणि कथा ज्युरीच्या निर्दोष कौलापाशी संपते. उच्च न्यायालय आणि जन्मठेप कथेत येतच नाहीत.

नानावटी खटला म्हणजे देशातला शेवटचा ज्युरी खटला, ही समजूतही अशाच कथनांतून पक्की झाली. प्रत्यक्षात काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही काही काळ चालू होती. ती पूर्ण गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला जागा न ठेवल्यामुळे.

बदल किती, आणि कशात

बदलांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद साधा आणि वजनदार आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, चित्रपट दोन-अडीच तास. साक्षीदार शंभर असतील तर पडद्यावर पाच येणार, चार वकिलांचा मिळून एक होणार. त्याखेरीज दिग्दर्शकाला घटनेचा अर्थ लावायचा असतो, नोंद ठेवायची नसते. राजकुमार गुप्ता यांच्या ‘नो वन किल्ड जेसिका’मध्ये (२०११) राणी मुखर्जीने साकारलेली पत्रकार अशीच रचलेली आहे. जेसिकाच्या हत्येच्या खटल्यात २००६ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडल्यावर वृत्तवाहिन्यांनी आणि लोकांनी जो रेटा लावला, तो एका पात्रात गोळा केला आहे. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल फिरवला हा मूळ घटनाक्रम चित्रपटात शाबूत राहतो, त्यामुळे या बदलाला फारसा आक्षेप आला नाही.

विरोधी बाजूचे म्हणणे असे की ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी काही फुकट लागलेली नसते. तिच्यावर तिकिटे विकली जातात. बहुसंख्य प्रेक्षक मूळ निकालपत्र कधीच उघडून पाहणार नसतात, त्यामुळे पडद्यावरची आवृत्तीच पुढे इतिहास म्हणून टिकते.

या बाजूला अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण ‘केसरी चॅप्टर २’ने (२०२५) पुरवले. सी. शंकरन नायर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले सदस्य. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रालाही ते अपरिचित नसावेत. जालियनवाला बागेनंतर त्यांनी १९१९ मध्ये राजीनामा दिला. पुढे त्यांच्या पुस्तकातल्या मजकुरावरून पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओड्वायर यांनी लंडनमध्ये त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२४ मध्ये ज्युरीने ११ विरुद्ध १ मताने ओड्वायर यांच्या बाजूने कौल दिला. नायर यांना ५०० पौंड भरपाई आणि दाव्याचा खर्च बसला. चित्रपटात नायर भारतातल्या कोर्टात जनरल डायरविरुद्ध खटला उभा करतात. असा खटला कधी झालाच नाही. डायरला सामोरे जावे लागले ते हंटर समितीच्या चौकशीला. चित्रपटाचे समर्थक म्हणतात की एका विसरलेल्या माणसाचे नाव त्यामुळे पुन्हा घराघरांत गेले, आणि ते खरेच आहे. पण साम्राज्याच्या राजधानीत, प्रतिकूल ज्युरीसमोर पाच आठवडे उभे राहून हरलेल्या माणसाची गोष्ट मुळात जास्त कठीण आणि जास्त मोठी होती. ती सांगायला कोणी धजावले नाही. ‘रुस्तम’ आणि ‘केसरी चॅप्टर २’ या दोन्हींत नायक एकच अभिनेता आहे आणि दोन्हींत बदलाची दिशाही एकच, नायकाच्या विजयाकडे. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

परदेशातही हाच वाद आहे. जिम शेरिडन यांच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’मध्ये (१९९३) गॅरेथ पियर्स ही सॉलिसिटर भर कोर्टात दणदणीत युक्तिवाद करते; पण इंग्लंडमधल्या तेव्हाच्या पद्धतीत सॉलिसिटरला त्या कोर्टात तसे उभे राहता येत नव्हते. दुसऱ्या टोकाला ‘डिनायल’ (२०१६). होलोकॉस्ट नाकारणाऱ्या डेव्हिड अर्विंग यांनी इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लावलेल्या दाव्याचा हा चित्रपट. पटकथाकार डेव्हिड हेअर यांनी कोर्टातले संवाद सुनावणीच्या अधिकृत नोंदीतून जसेच्या तसे घेतले. कारण उघड होते: घडलेले नाकारणाऱ्याविरुद्धच्या चित्रपटात स्वतःच्या पदरचे घातले, तर सगळा मुद्दाच ढासळला असता.

श्रेय कोणाचे, दोष कोणाचा

टी. जे. ज्ञानवेल यांच्या ‘जय भीम’ने (२०२१) वादाचे वेगळे अंग पुढे आणले. तामिळनाडूत १९९३ मध्ये पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या राजाकण्णू यांच्या पत्नीने मद्रास उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका केली. वकील के. चंद्रू यांनी ती लढवली; ते पुढे त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. चित्रपटाचा गाभा या घटनाक्रमाशी प्रामाणिक आहे. मानवी हक्कांच्या प्रकरणांत फी न घेणारा वकील, पोलिसांचे रचलेले पुरावे, गरोदर बाईची वणवण, हे सगळे अंगावर येते.

आक्षेप दोन दिशांनी आले. पहिला, ओळखीचा. मूळ कुटुंब कुरवर समाजातले, चित्रपटात ते इरुलर दाखवले आहे. एका उपेक्षित समाजाचे दुःख दुसऱ्याच्या नावावर मांडले गेले, अशी तक्रार झाली. चित्रपटाच्या बाजूने सांगितले गेले की इरुलरांवरही तसेच अत्याचार होतात आणि कथा साऱ्यांची प्रातिनिधिक आहे. दुसरा आक्षेप एका कॅलेंडरवरून. छळ करणाऱ्या फौजदाराच्या घरात भिंतीवर वन्नियार समाजाचे अग्निकुंडाचे चिन्ह असलेले कॅलेंडर क्षणभर दिसते. खऱ्या प्रकरणातला अधिकारी त्या समाजातला नव्हता. वन्नियार संघाने पाच कोटींच्या भरपाईची नोटीस पाठवली, कॅलेंडर बदलण्यात आले आणि दिग्दर्शकाने जाहीर खेद व्यक्त केला. काही सेकंदांच्या नेपथ्याने पावणेतीन तासांच्या चित्रपटाला वेठीस धरले, असे कोणी म्हणेल. पण ज्या चित्रपटाचा विषयच जातीवरून माणसाला गुन्हेगार ठरवणे हा आहे, त्याला या बाबतीत जास्त कसोटी लावली जाणे गैर नव्हते.

तिसरा मुद्दा मवाळ आवाजात मांडला गेला, पण तो टिकाऊ आहे. प्रत्यक्ष लढ्यात गावपातळीवरच्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. पडद्यावर सारे वजन वकिलाकडे सरकते. न्याय म्हणजे एका कर्तबगार वकिलाने केलेला पराक्रम, ही या प्रकारातली जुनी खोड आहे.

कोर्ट जसे चालते तसे

घटनांच्या खरेपणावर जितके बोलले जाते तितके कामकाजाच्या खरेपणावर बोलले जात नाही. भारतीय न्यायाधीश टेबलावर हातोडा आपटत नाहीत. धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची तरतूद १९६९ च्या शपथ कायद्यात नाही. तरी हिंदी चित्रपटातले कोर्ट या दोन गोष्टींशिवाय उभे राहत नाही, आणि अनेक अशिलांना पहिल्यांदा साक्षीला उभे राहताना याच गोष्टींची अपेक्षा असते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) सत्यकथा नाही. नारायण कांबळे हा शाहीर काल्पनिक आहे; त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली हा आरोपही काल्पनिक. तरी आढाव्यात तो टाळता येत नाही, कारण मुंबईतले सत्र न्यायालय त्याच्याइतके खरे कोणत्याच सत्यकथेने दाखवलेले नाही. साक्षीदाराचे म्हणणे न्यायाधीश आपल्या शब्दांत स्टेनोला सांगतात आणि तेच नोंदीवर जाते. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचे प्रकरण पुढे ढकलले जाते. पुढची तारीख, मग उन्हाळ्याची सुट्टी. सरकारी वकील बाई कोर्टातून लोकलने घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. दुष्ट कोणीच नाही, आणि तरी एक म्हातारा तुरुंगात सडतो. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला.

हंसल मेहता यांचे दोन चित्रपट याच वाटेवरचे, पण खऱ्या माणसांवरचे. ‘शाहिद’मध्ये कुर्ल्यातले वकील शाहिद आझमी यांची कथा आहे. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कार्यालयातच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. चित्रपटातली कोर्टरूम अरुंद, कळकट, दोन्ही वकील एकमेकांच्या बोलण्यात घुसून बोलणारे. ‘अलीगढ’चे नायक प्राध्यापक रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे, मराठीचे अध्यापक आणि कवी. खासगी आयुष्याचे चोरून चित्रण करून त्यांना विद्यापीठातून निलंबित केले गेले. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याच्या आत ते घरात मृतावस्थेत सापडले. चित्रपटात त्यांच्यावरच युक्तिवाद चालू असताना सिरस आपल्या कवितांच्या अनुवादात गुंतलेले दिसतात. कोर्टातल्या भाषेत आपल्याविषयी जे बोलले जाते त्यात आपण कुठेच नाही, हे त्या एका दृश्यात येते.

या पद्धतीवरचा आक्षेपही नोंदवायला हवा. संथ, निरुत्साही कामकाज दाखवणारे चित्रपट मोजक्यांपर्यंत पोहोचतात. ‘जय भीम’ कोट्यवधींनी पाहिला आणि कोठडीतल्या छळाची चर्चा घराघरांत झाली. न्यायव्यवस्थेविषयी लोकशिक्षण हा हेतू धरला तर कोणता मार्ग चांगला, यावर समीक्षकांत एकमत नाही.

न्यायालयांची भूमिका

कायद्याच्या बाजूने पाया घातला तो १९९४ च्या आर. राजगोपाल निकालाने. ‘ऑटो शंकर’ या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचे आत्मकथन ‘नक्कीरन’ साप्ताहिकात छापण्यावरून तो वाद झाला. न्यायालयाने सांगितले की कोर्टाच्या नोंदींसह जे सार्वजनिक अभिलेखात आहे त्याच्या आधारे लिहायला संमती लागत नाही. त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरले तर लिहिणारा जबाबदार. मात्र सरकारला प्रकाशनाआधीच बंदी घालता येणार नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख हा अपवाद. तो दंडविधानातही होता आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्येही आहे. त्याच सुमारास ‘बँडिट क्वीन’वरून जिवंत व्यक्तीच्या संमतीचा प्रश्न आला. फूलनदेवींनी दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन स्थगिती मिळवली. पुढे त्यांच्यापुरते प्रकरण मिटले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाचा मार्ग मोकळा केला.

चालू खटल्यांचा प्रश्न वेगळा आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने टाडा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत रोखला. तो फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला. ‘तलवार’ला (२०१५) असा अडथळा आला नाही. नोएडातल्या दुहेरी हत्याकांडात २०१३ मध्ये मृत मुलीच्या आईवडिलांना शिक्षा झाली होती आणि अपील अलाहाबाद उच्च न्यायालयात पडून असताना चित्रपट आला. तो तीन वेगवेगळ्या तपासांच्या तीन कथा समोर ठेवतो, पण झुकाव लपत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. निकाल चित्रपटाच्या बाजूने लागला म्हणून कोणी फारसे हरकत घेत नाही. उलटा लागला असता तर याच चित्रपटाविषयी काय लिहिले गेले असते, हा प्रश्न मात्र उरतो.

मृत व्यक्तींच्या बाबतीत अलीकडचा कल स्पष्ट आहे. ‘थलैवी’च्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारशाने उतरत नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही तीच वाट धरली. शाहबानो प्रकरणावरचा ‘हक’ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा मुलीने केलेली याचिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने याच तत्त्वावर फेटाळली आणि चित्रपटातल्या खुलाशाच्या पाटीलाही वजन दिले.

काय सुटलेले नाही

खुलाशाच्या पाटीचाच प्रश्न पहिला. ‘काल्पनिक’ आणि ‘सत्यघटनेवर आधारित’ या दोन पाट्या एकाच चित्रपटात सुखाने नांदतात. एक कोर्टासाठी, दुसरी जाहिरातीसाठी. चित्रपट थांबवावा का, एवढेच न्यायालयासमोर येते. तो खरा आहे का, हे ठरवणे त्याचे काम नाही आणि असूही नये. त्यामुळे याचिका फेटाळली गेली म्हणजे चित्रपटाच्या सत्यतेवर शिक्का बसला, असे निर्माते सुचवतात तेव्हा ते बरोबर नसते.

दुसरा प्रश्न २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने उभा केला. खासगीपणा आता मूलभूत हक्क आहे. १९९४ मध्ये कोर्टाची नोंद म्हणजे रेकॉर्ड रूममधल्या फायली होत्या. आज ती फोनवर दिसते. जुन्या खटल्यात निर्दोष सुटलेल्या किंवा शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला ते प्रकरण मागे टाकण्याचा हक्क आहे का, यावर उच्च न्यायालयांची मते सारखी नाहीत. तिसरा प्रश्न पैशाचा. ज्यांच्या दुःखावर चित्रपट उभा राहतो त्यांना मोबदला द्यावा अशी कायद्यात सक्ती नाही. दिला तर तो निर्मात्याचा चांगुलपणा.

बदलांविषयी एवढे म्हणता येईल की पात्रे जोडणे, काळ आखडणे यांनी नुकसान होत नाही. निकाल फिरवला किंवा न झालेला खटला उभा केला, तर ‘सत्य’ हा शब्द पोस्टरवरून उतरवावा. ‘अचानक’ने खऱ्या खटल्याची नावे आणि पाटी न मिरवता ते करून दाखवलेले आहे.

ज्यांना पडताळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी सोय आता सोपी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सुरू केलेल्या ई-एससीआर या संकेतस्थळावर १९५० पासूनचे प्रसिद्ध निकाल मोफत वाचता येतात. १९६१ चा नानावटी निकाल आणि १९८५ चा शाहबानो निकाल दोन्ही त्यात आहेत.